ओली चालत नाही, वाळलेली चालते

कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा, रताळं नाही. आणि तरीही कोणत्याही जैन घरातला मिसळणाचा डबा उघडा, मधोमध नाहीतर मोहरीच्या शेजारी पिवळीधमक हळद असतेच. हळद काही झाडावर लागत नाही. तीही जमिनीखालचा कंदच. मग ती कशी चालते?

हा प्रश्न मला नेपानगरला आल्यापासून किती जणींनी विचारला असेल, मोजदाद नाही. आमचं गाव कागद कारखान्याभोवती वसलेलं. देशातला वर्तमानपत्राच्या कागदाचा हा पहिला कारखाना, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. त्यामुळे कॉलनीत सगळ्या प्रांतांची माणसं, आणि प्रत्येकीला दुसरीच्या स्वयंपाकघराची उत्सुकता. थंडीत शेजारी ओल्या हळदीचं लोणचं घातलं जातं, बरणी भरून आमच्याकडे येते, आणि मी ती हात जोडून परत करते. "अहो वहिनी, पण तुमच्या वरणात तर हळद आहे की!" हे ठरलेलं वाक्य.

पुष्कळ जणी याचं उत्तर "आमच्यात चालतं" असं देऊन मोकळ्या होतात. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. शास्त्रात त्याला उत्तर आहे, आणि ते एका शब्दावर उभं आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात कोणत्या वस्तू सोडाव्यात हे सांगताना मुळा, आलं, लोणी, कडुनिंबाची फुलं, केवडा अशी नावं येतात. पण आल्याच्या आधी त्यांनी 'आर्द्र' हे विशेषण लावलंय. ओलं आलं. म्हणजे सुंठीचा दरवाजा त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला. श्वेतांबर परंपरेत बत्तीस अनंतकायांची यादी आहे, त्यातही हळद आणि आलं आहे, आणि तिथेही व्यवहारात निषेध आहे तो ओल्याचा. ओल्या कंदात एका शरीरात अनंत जीव. तो वाळला की अचित्त. शिवाय सुंठ-हळद चिमटीने खायच्या वस्तू आहेत. बटाटा वाळवून ठेवला तरी तो आपण वाडगाभर खाणार, हळद कोणी वाडगाभर खात नाही. समंतभद्रांनी सोडण्याचं जे कारण दिलंय ते मला फार आवडतं: अल्पफल, बहुविघात. फळ थोडं आणि नाश फार. हा हिशेब आहे, आणि आपण व्यापाऱ्यांच्या घरच्या, हिशेब आपल्याला कळतो.

माझ्या मुलीने मात्र कॉलेजात असताना मला पेचात पकडलं होतं. "आई, हळद आपोआप थोडीच वाळते? कोणीतरी ती उकळतं ना?" तिचं बरोबर होतं. हळद काढल्यावर नुसती उन्हात टाकली तर ती लवकर वाळत नाही. म्हणून आधी शिजवतात. पूर्वी मोठमोठ्या काहिलींत, वर पाल्याचं झाकण घालून. आता बऱ्याच ठिकाणी वाफेवर. शिजल्याने कंदाचे कोंब मरतात, आतला स्टार्च फुगून घट्ट होतो, रंग कंदभर सारखा पसरतो आणि वाळण्याचे दिवस कमी होतात. मग पंधरा-एक दिवस ऊन, मग पिंपात घालून घासणं, तेव्हा कुठे ते टणक, वाजणारं हळकुंड तयार होतं. ओल्या पाच किलोंचं वाळून जेमतेम एक किलो होतं. पुढच्या लागवडीचं बेणं म्हणून जेठे गड्डे तेवढे न शिजवता राखून ठेवतात.

तर हळद अचित्त होते ती कोणाच्या तरी चुलीवर. आणि गंमत अशी, की ती चूल पुष्कळदा आपल्याच माणसांची असते. जैन म्हटलं की आपल्या इकडे दुकानदार डोळ्यांपुढे येतो, पण सांगली-कोल्हापूरकडे नांगर धरणारे जैन पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं त्याच मातीतलं. अशा घरांत ऊस होतो, हळदही होते, खणली जाते, शिजवली जाते. शास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले, त्यातली उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही हे मान्य केलं. मुलीला मी हेच सांगितलं. तिचं समाधान अर्धंच झालं. माझंही तेवढंच झालं आहे, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. ज्या शेतकऱ्याने आपल्यासाठी ते कर्म केलं त्याच्या हळदीची निदान नासाडी होऊ नये, एवढं मला त्यातून समजतं.

सांगलीची हळद साठवण्याची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी आहे. सांगलीजवळ हरिपूर म्हणून गाव आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या मातीत पेवं खणलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठं, जमिनीत खोल. आत गवत-पाल्याचा थर देऊन हळकुंडं भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. वर्षानुवर्षं ती हळद किडत नसे, रंग उतरत नसे, कारण आत हवाच खेळत नाही. पेव उघडल्यावर लगेच माणूस आत उतरवत नसत, त्याचंही कारण तेच. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यातली कितीतरी पेवं वाया गेली. आता शीतगृहं आलीत. जमिनीतून काढलेला कंद शिजवून, वाळवून पुन्हा जमिनीतच ठेवायचा ही कल्पना कोणाला सुचली असेल? २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला मिळालं होतं. आमच्या बुऱ्हाणपुराकडच्या शेतांत केळीबरोबर हळदही होते, पण तिला असं नाव कोणी दिलेलं नाही.

आता तिच्या रंगाकडे वळते, कारण सगळी हकीकत त्या रंगाचीच आहे.

१८१५ मध्ये पॅरिसमध्ये व्होगेल आणि पेलेतिए या दोघांनी हळदीतलं पिवळं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव पडलं कुर्कुमिन. अरबीत 'कुर्कुम' म्हणजे खरं तर केशर. गरिबांचं केशर म्हणून ते नाव हळदीला चिकटलं. त्या द्रव्याची नेमकी रचना कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९१० मध्ये पोलिश शास्त्रज्ञांनी ती मांडली, त्यांत मिलोबेंझ्का नावाची एक बाई होती हे मी मुद्दाम सांगते. सोबत कोस्तानेत्स्की आणि लाम्पे. साध्या हळदीत हे द्रव्य आणि त्याची भावंडं मिळून शंभरात तीन-चार भाग असतात, चांगल्या जातीत पाच-सहा. बाकी सगळा स्टार्च, तंतू आणि सुगंधी तेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या द्रव्याचे स्वभाव आपल्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहेत. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आपण हळद फोडणीत घालतो. पांढऱ्या ओढणीवर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग एकदम लालभडक होतो, घाबरायला होतं. तो साबणातला क्षार. आणि तीच ओढणी कडक उन्हात टाकली की डाग फिका होत जातो, कारण उजेड या रंगाला सोसत नाही. म्हणूनच बुऱ्हाणपूरसारख्या कापडाच्या पेठेत, जिथली रंगीत फुलांची मलमल इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचं ताव्हेर्निएने सतराव्या शतकात लिहून ठेवलं, पक्क्या रंगाच्या कामाला नुसती हळद उपयोगाची नव्हती. हळदीने अंग रंगतं, वस्त्र टिकाऊ रंगत नाही.

साबणाने डाग लाल होतो हेच गुपित वापरून रसायनशाळेत हळदीचा कागद करत. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली पट्टी क्षारात लाल होते. आमच्या गावात कागदाला तोटा नव्हता. कारखान्याचा वर्तमानपत्री कागद मुलांच्या शाळेच्या प्रयोगाला कायम घरात असायचा. (तो कागद सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा होई. सालईचा डिंक म्हणजे आयुर्वेदातली शल्लकी, तीही सांधेदुखीवरची. म्हणजे आमच्या गावाने कितीतरी वर्षं औषधी झाडावर बातम्या छापायला दिल्या.) आणि कुंकू? हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस लावला की पिवळ्याचं लाल होतं, ते जुनं कुंकू. टाकणखारातला बोरॉन कुर्कुमिनशी जुळून तो लाल रंग देतो. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे हळदी-कुंकवाच्या ताटातल्या दोन कुयऱ्यांत मुळात एकच वस्तू असते, एक साधी आणि एक बदललेली. आता बाजारच्या कुंकवात हळद किती आणि कृत्रिम रंग किती, ते करणाराच जाणे.

औषध म्हणून हळद किती जुनी आहे याचा पुरावा तिच्या नावांतच आहे. निघंटूंमध्ये तिला निशा म्हटलंय, रात्रीची सगळी नावं तिला आहेत. कृमिघ्नी आहे. वरवर्णिनी आहे, म्हणजे उत्तम कांती देणारी. भावप्रकाशात तर योषित्प्रिया आहे, बायकांची लाडकी. आणि हट्टविलासिनी, बाजारात मिरवणारी. हे शेवटचं नाव देणाऱ्याला पुढचं दिसलं होतं की काय कोण जाणे.

कारण १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने हळदीचं पेटंट दिलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीबद्दल, क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघंही मूळचे भारतीय. आपल्याकडे पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर हळद दाबायला आजीला कोणाची परवानगी लागली नव्हती. हे पेटंट उलटवायचं ठरवलं ते सीएसआयआरने, तेव्हाचे त्यांचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावचे, लहानपणी वडील गेलेले, मुंबईत आईने कष्ट करून शिकवलेले. ऑक्टोबर १९९६ मध्ये अर्ज गेला, ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधले दावे फेटाळले गेले. माशेलकर या लढ्याला गमतीने हळदीघाटीची लढाई म्हणत.

ही विजयकथा आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त टोचते. "आमच्याकडे घरोघरी हे करतात" एवढं सांगून तिथे काही झालं नसतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून धरलाच जात नव्हता. छापील किंवा पेटंटचा कागद हवा होता. म्हणून शोधून शोधून बत्तीस संदर्भ जमवावे लागले. जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ, आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेख. योषित्प्रिया हळद वाचली ती पुरुषांनी लिहून ठेवलेल्या कागदांमुळे. जिच्या हाताने ती जखमेवर लागत होती, तिची साक्ष कुठेच नोंदलेली नव्हती. हा कायदा अमेरिकेने पुढे बदलला, २०१३ पासून जगात कुठेही चालू असलेला वापर विचारात घेतात. आणि आपल्याकडे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं संगणकीय भांडार उभं राहिलं. पण त्यातही ग्रंथातलंच पुष्कळसं आहे. मैत्रिणींनो, आपल्या सासवांचे काढे, लेप, डिंकाचे लाडू वहीत उतरवून ठेवा. तारीख घालून.

आता बाजारात मिरवणारी हळद. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुर्कुमिनच्या गोळ्या-कॅप्सूल घरोघरी आल्या. गुडघे, साखर, विसराळूपणा, कर्करोग, सगळ्यावर एकच डबी. आमच्या नात्यातल्या एका बाई हृदयाच्या दुखण्यासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत होत्या. भिशीत कोणी सांगितलं म्हणून वर कुर्कुमिन सुरू केलं. महिन्याभरात दात घासताना हिरड्यांतून रक्त, हातांवर निळे डाग. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दुसरं काय घेता हा, आणि त्या म्हणाल्या, "काही नाही हो, हळदच आहे."

हळदच नाही ती. शंभरात तीन-चार भाग असणारं द्रव्य तिथे पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत घट्ट केलेलं असतं. चिमटीचा हिशेब तिथे संपतो. आणि एवढं करून शरीरात शिरतं किती? फार थोडं. कुर्कुमिन आतड्यात टिकत नाही, रक्तात पोचण्याआधीच यकृत त्याची वासलात लावतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दाखवलं गेलं, की दोन ग्रॅम कुर्कुमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन वीस मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण वीसपट वाढतं. लगेच डब्यांवर मिरी आली. पण मिरी ज्या दारातून कुर्कुमिनला आत सोडते, त्याच दारातून दुसरी औषधंही जास्त आत जाऊ शकतात, हे डबीवर मोठ्या अक्षरांत नसतं.

मग गुण नाहीच का? तसंही नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात गुडघेदुखीच्या सत्तर रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली. हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं खोट्या गोळीपेक्षा कमी झालं, गुडघ्यातली सूज मात्र तपासणीत बदललेली दिसली नाही. दुसऱ्या बाजूला २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेऊन सांगितलं, की कुर्कुमिन अस्थिर आहे, शरीरात नीट शोषलं जात नाही, आणि प्रयोगनळीत ते ज्याला त्याला चिकटून खोटी आशा दाखवतं. प्रयोगनळीत पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांत फार अंतर आहे. कर्करोगाचे उपचार थांबवून डबीवर भरवसा ठेवणारी माणसं पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

अपायाच्या नोंदीही आता आहेत. २०१९ मध्ये इटलीत अशा गोळ्यांनंतर काविळीचे वीसेक रुग्ण आढळले आणि सरकारने डब्यांवर इशारा छापायला लावला. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीमुळे झालेले दहा रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक जण गेला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुक सापडलं. म्हणजे सगळ्यांनाच होईल असं नाही, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. ज्यांना पित्ताशयात खडे आहेत, ज्यांचं रक्त पातळ ठेवलं जातंय, ज्यांची शस्त्रक्रिया ठरलीय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडू नये. आणि आपल्यासाठी आणखी एक: कॅप्सूलची खोळ पुष्कळदा जिलेटिनची असते, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. ओली हळद सोडायची आणि त्या खोळीत भरलेली हळद रोज गिळायची? अल्पफल, बहुविघात याचं याहून चोख उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. घ्यायचीच वेळ आली तर हिरवी खूण पाहून घ्या.

वरणातली चिमूट यात कुठेही येत नाही. ती हजारो वर्षं खाल्ली गेलीय. तिला धोका आहे तो वेगळाच, भेसळीचा. हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून घासताना लेड क्रोमेट नावाचा शिशाचा रंग लावतात. बांगलादेशात हे सर्रास चाले. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केलं, सरकारने धाडी घातल्या, लोकांना सांगितलं, आणि बाजारातले भेसळीचे नमुने २०१९ च्या सत्तेचाळीस टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि ते चवीने कळत नाही. म्हणून फार चमकणारी हळकुंडं मी घेत नाही. थोडी मातकट, मोडल्यावर आत गडद नारिंगी दिसणारी घेते. निवडते, पुसते, दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवते आणि गिरणीत नेते. आमचा गिरणीवाला हळद नेहमी शेवटी दळतो, सगळ्यांचे गव्हाचे डबे झाल्यावर. तोवर बाकावर बसायचं.